ओल्या पावलाचा दाखला

पावसाळा सरून हवेत कोरडेपणा येऊ लागला, म्हणजे गिरगावापासून दादरपर्यंतच्या वस्तीत जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी सुरू होते. आणि त्या तयारीबरोबर एक उपदेशही दरसाल नव्याने फिरू लागतो, जो आता इतका सर्वमान्य झाला आहे की त्याचा पुरावा मागणारा मनुष्यच अडाणी ठरावा. उपदेश असा, की पाऊल पाण्यात बुडवून कोरड्या फरशीवर ठेवावे, उमटलेल्या ठशावरून ते सपाट, मध्यम की उंच कमानीचे हे ठरवावे, आणि मग सपाट पावलाला आत कलू न देणारा ताठर बूट, मध्यम पावलाला थोडा आधार देणारा बूट व उंच कमानीला मऊ गादीचा बूट, अशा वाटणीनुसार खरेदी करावी. जो असे करणार नाही त्याच्या गुडघ्यांना, नडग्यांना आणि टाचांना दुखापत ठरलेलीच, असा इशाराही त्याला जोडलेला असतो. हा उपदेश करणारे लोक बहुधा सद्‌हेतूचे असतात. त्यांतील कित्येक शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती वर्षानुवर्षे पहाटे धावणारे, नवख्यांना आपुलकीने चार गोष्टी सांगणारे आहेत. तरीही त्याचा प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते, कारण हा उपदेश पुराव्याला उतरत नाही, आणि त्याची झळ ज्यांच्या खिशाला व मनाला पोचते ती माणसे दहा-बारा हजार रुपयांचा बूट सहज घेऊ शकणारी नाहीत.

पहिली छाननी त्या ठशाचीच केली पाहिजे. गिरगावातल्या ज्या चाळींच्या गॅलरीला अजून शहाबादी फरशी आहे, तेथे हा प्रयोग निवांतपणे करून पाहावा. स्टुलावर बसून पाऊल नुसते टेकवले, तर टाच आणि चवडा यांना जोडणारी एक अरुंद पट्टी बाहेरच्या कडेला उमटते. उठून दोन्ही पायांवर उभे राहिले, की तीच पट्टी रुंदावते. आणि शरीराचा सगळा भार त्या एका पायावर घेतला, तर मघाशी कमानदार दिसलेला तळवा पुष्कळसा भरून येतो. पाणी अधिक झाले तर ते फरशीच्या खरखरीत अंगावर पसरून ठशाची कड पुसते. फरशी तापलेली असली तर तोच ठसा पाहता पाहता कडेने सुकत जाऊन बारीक होतो. शिवाय ठसा उमटतो तो कातडीचा आणि तिच्याखालच्या मांसल गादीचा. हाडांची कमान किती उंच आहे हे तो सांगतोच असे नाही, आणि म्हणून स्थूल मनुष्याचे निकोप पाऊल त्यात सपाट दिसू शकते. बसल्यास एक, उठल्यास दुसरा आणि एका पायावर तिसरा असा कौल देणारा साक्षीदार कोणत्याही कचेरीत उभा राहू शकला नसता; येथे मात्र त्याच्या जबानीवर सारा फैसला होतो.

समजा, कमानीची उंची बिनचूक कळली. तेवढ्यावरून धावताना ते पाऊल कसे वागेल हे कळत नाही, कारण स्थिर उभे असलेले पाऊल आणि धावणारे पाऊल यांचा व्यवहार भिन्न असतो. दुकानांतून ज्याला मोठा दोष म्हणून दाखवतात ते पावलाचे आत कलणे हा वास्तविक चालण्या-धावण्याचा निसर्गसिद्ध भाग आहे: टाचेची बाहेरची कड बहुधा प्रथम टेकते, मग पाऊल किंचित आत वळून पसरते, आणि जमिनीचा आघात पोटरी व मांडी यांच्या स्नायूंत वाटला जातो. असे कलणे प्रत्येकात असते, कोणात कमी, कोणात जास्त. ते बुटाने रोखता येते काय, हे पाहण्यासाठी स्टाकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच धावपटूंच्या टाचेच्या व नडगीच्या हाडांत, ती जागा बधिर करून, पिना बसवल्या. त्या पिनांवर खुणा लावून निरनिराळे बूट व आधाराचे तळवे घालून त्यांना धावायला लावले. आणि कातडीऐवजी प्रत्यक्ष हाडांची हालचाल मोजली. २००० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की बुटाने हाडांच्या हालचालीत पडणारा फरक अल्प होता, आणि तोही सर्वांमध्ये एकाच दिशेचा नव्हता. बूट बाहेरून कितीही ताठ असला, तरी त्याच्या आतले हाड आपल्याच वळणाने जात होते.

मग ही वाटणी आली कोठून? १९७० नंतर अमेरिकेत हौशी धावण्याची लाट उसळली, बुटांच्या कंपन्यांनी आपल्या मालाचे वर्ग पाडले, आणि त्या वर्गांना जुळतील असे पावलांचेही वर्ग पडले. ही मांडणी दिसायला नीटस, शिकवायला सोपी आणि विकायला सोयीची असल्यामुळे डॉक्टर, प्रशिक्षक आणि मासिके यांनी ती आपलीशी केली. परंतु तिच्या पाठीशी प्रयोग होता काय, ही विचारणा झाली ती फार उशिरा. २००९ साली ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसलच्या संशोधकांनी वैद्यकीय ग्रंथसंभार धुंडाळला, आणि असे बूट देऊन दुखापती कमी झाल्याचे दाखवणारे एकही मूळ संशोधन त्यांना आढळले नाही.

त्याच सुमारास अमेरिकेच्या सैन्याने हा प्रश्न सरळ प्रयोगाला लावला, आणि त्या प्रयोगाकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. कारण सैन्याइतकी माणसे, तितकी शिस्त आणि दुखापतींचे तसले दप्तर नागरी जीवनात क्वचितच मिळते. फोर्ट जॅक्सन येथील भूदलाचे, लॅकलंड येथील हवाई दलाचे आणि सॅन डिएगो व पॅरिस आयलंड येथील मरीन दलाचे नवे भरती झालेले जवान, स्त्रिया व पुरुष मिळून सुमारे सात हजार, त्यात घेतले गेले. अर्ध्यांना तळव्याचा आकार पाहून त्या त्या वर्गाचा बूट दिला: सपाट पावलाला ताठर, मध्यमाला आधाराचा, उंच कमानीला मऊ. उरलेल्या अर्ध्यांना तळवा कसाही असो, एकच मधल्या प्रकारचा बूट सरसकट दिला. मग सहा ते बारा आठवड्यांच्या खडतर प्रशिक्षणात कोणाला किती दुखापती झाल्या याचा हिशेब झाला, आणि वय, तंबाखूची सवय, आधीची शारीरिक तयारी या सर्व गोष्टींचा तपशील त्यात धरला गेला. २००९ आणि २०१० मध्ये नॅपिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला निकाल तिन्ही दलांत सारखाच लागला: तळवा पाहून बूट दिल्याने दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सैन्याला ही पद्धत खरी ठरली असती तर हवीच होती. तिची तजवीज आधीपासून चालूही होती. तेव्हा निकाल पद्धतीच्या विरुद्ध लागावा अशी कोणाची इच्छा होती, असे म्हणता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, सैन्याचे प्रशिक्षण निराळे आणि आमचे धावणे निराळे. ठीक आहे, हौशी धावकांकडे वळू. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्यांना, त्यांची पावले किती आत कलतात याची नोंद करून, सर्वांना एकाच साध्या प्रकारचा बूट देण्यात आला आणि वर्षभर त्यांच्यावर नजर ठेवण्यात आली. प्रचलित उपदेशाप्रमाणे आत कलणारी पावले जायबंदी होऊन घरी बसायला हवी होती. प्रत्यक्षात त्यांच्या दुखापती इतरांहून अधिक निघाल्या नाहीत, उलट धावलेल्या अंतराच्या मानाने पाहता त्या थोड्या कमीच होत्या. कॅनडातील व्हॅन्कूव्हर येथे अर्धमॅरेथॉनची तयारी करणाऱ्या ८१ स्त्रियांना तीन प्रकारचे बूट वाटून दिले, तेव्हा ताठर बूट मिळालेल्यांत जायबंदी झालेल्यांची संख्या आणि बुडालेले सरावाचे दिवस इतर दोन गटांपेक्षा जास्त भरले. आणि २०२२ मध्ये कोक्रेन या संस्थेने बारा चाचण्या व अकरा हजारांहून अधिक माणसे एकत्र तपासून असे नोंदवले, की पावलाच्या प्रकारानुसार बूट दिल्याने दुखापतींत बहुधा फरक पडत नाही.

प्रतिपक्षाच्या हाती एक चांगला कागद आहे, तो लपवून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. लक्झेंबर्गमध्ये ३७२ धावकांवर सहा महिने झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ताठर बूट घालणाऱ्यांना, विशेषतः ज्यांची पावले अधिक आत कलतात अशांना, दुखापती कमी झाल्या. चाचणी काळजीपूर्वक केलेली आहे आणि तिचे वजन मी मान्य करतो. परंतु तेथे पावले तपासली ती शिक्षित परीक्षकांनी, उभ्या पावलाची अनेक लक्षणे एकेक करून पाहून. फरशीवरच्या पाण्याने नव्हे आणि दुकानातल्या दोन मिनिटांच्या धावपट्टीनेही नव्हे. तिच्यावरून फार तर इतके म्हणता येईल, की ज्यांची पावले फारच आत कलतात आणि ज्यांना दुखण्याचा त्रास आहे, त्यांनी तसा बूट पायात घालून पाहायला हरकत नाही. एका चाचणीच्या आधारावर सगळ्या मुंबईच्या पावलांची तीन खात्यांत नोंद करणे, आणि त्या नोंदीप्रमाणे त्यांना हुकूम सोडणे, याला ती चाचणी आधार देत नाही.

उरतो तो अनुभवाचा दाखला. «मी अमुक बूट घेतला आणि माझा गुडघा दुखायचा राहिला,» असे सांगणारे गृहस्थ प्रत्येक गटात भेटतात आणि ते खरेच सांगत असतात. परंतु गुडघा दुखू लागल्यावर ते आठ-पंधरा दिवस थांबलेले असतात. जुन्या बुटाचा तळ झिजून कडक झालेला असतो. नव्या बुटात पाऊल थोडे निराळे पडू लागते आणि दुखऱ्या जागेवरचा ताण दुसरीकडे सरकतो. यांपैकी कोणत्याही कारणाने आराम पडला, तरी श्रेय जाते ते पावलाच्या वर्गाला. ज्यांचा गुडघा तोच बूट घालून बिघडला, ते पहाटे कट्ट्यावर येईनासे होतात, म्हणून त्यांची कैफियत ऐकू येत नाही.

आता आपल्या मुलखाजवळचा एक पुरावा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९९२ साली मणिपालच्या वैद्यकीय महाविद्यालयातील राव आणि जोसेफ या अस्थितज्ज्ञांनी चार ते तेरा वर्षे वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पायांत पादत्राणे घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट पावलांचे प्रमाण शेकडा ८.६ होते, आणि अनवाणी वावरणाऱ्यांमध्ये शेकडा २.८, त्यातही बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. याचा अर्थ, पावलाचा प्रकार म्हणून जे आज आपल्याला जन्मखुणेसारखे सांगितले जाते, ते घडण्यात बालपणीच्या बुटाचा हात असणे संभवते. हे लक्षात घेतले, म्हणजे दादर-माटुंग्याकडच्या कित्येक आईबापांची जी धडपड चालते, की चार वर्षांच्या मुलाचा तळवा सपाट दिसला म्हणून त्याच्या बुटात आधाराचा तळवा बसवावा, ती पाहून मन कष्टी होते. त्या वयात तळवा सपाट असणे हे सर्वसाधारण आहे, आणि वाढीबरोबर बहुतेकांची कमान आपोआप आकार घेते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या टेक्सासमधील चाचणीत लहान मुलांना तीन वर्षे असे खास बूट व तळवे देऊन पाहिले होते. ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांच्यापेक्षा या मुलांच्या पावलांत निराळी सुधारणा झाली नाही.

याहून मोठी हानी होते ती तरुणांची. लालबाग, परळ, नायगाव या भागांतील अनेक मुले पोलीस भरतीच्या आशेवर पहाटे उठून सोळाशे मीटरचा सराव करतात. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत सपाट पाऊल पाहिले जाते हे त्यांनी ऐकलेले असते. अशा मुलाला दुकानात कोणी ओल्या ठशावर बोट ठेवून «तुझा पाय सपाट आहे» असे सांगितले, म्हणजे त्याच्या मनावर काय ओढवते याची कल्पना विक्रेत्याला नसते. त्याला कोणी हेही सांगत नाही, की चवड्यावर उभे राहून टाचा उचलल्या असता तळव्याखाली कमान दिसू लागली, तर ते पाऊल लवचीक आहे आणि त्यात बहुधा काही व्यंग नाही. १९४७ मध्ये हॅरिस आणि बीथ यांनी कॅनडाच्या साडेतीन हजारांहून अधिक सैनिकांची पावले तपासून हाच भेद स्पष्ट केला होता: नुसता सपाटपणा त्यांना दुर्बलतेचे कारण वाटला नाही, त्रासाचे ठरले ते विशिष्ट प्रकारचे, ताठर किंवा आखडलेल्या टाचशिरेचे पाऊल. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तर अमेरिकी पायदळाच्या २४६ शिकाऊ जवानांपैकी सर्वांत सपाट पावलांच्या जवानांना सर्वांत कमी दुखापती झाल्या, आणि सर्वांत उंच कमानीच्या जवानांना सर्वांत जास्त. ज्या पावलाला आपण वीस वर्षांच्या मुलाच्या भवितव्यावरचे संकट ठरवतो, त्याच्याविषयी पाऊणशे वर्षांहून अधिक काळापासून असा पुरावा छापलेला पडून आहे.

यावरून कोणी मला अनवाणी धावण्याच्या पंथात ढकलू नये. त्या पंथाकडेही मोठी नावे आहेत. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांना पाहून दोराबजी टाटांना भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवण्याची प्रेरणा झाली, आणि पुढच्याच वर्षी बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा क्रमांक मिळवला. शिवाजी पार्कात वाढलेले मिलिंद सोमण आज शेकडो मैल अनवाणी धावतात. परंतु अबेबे बिकिलाने १९६० साली रोममध्ये अनवाणी आणि १९६४ साली टोकियोमध्ये बूट घालून, दोन्ही वेळा मॅरेथॉन जिंकली, हेही विसरता येत नाही. आणि मुंबईत तर प्रश्नच निराळा आहे. उखडलेले पेव्हर ब्लॉक, फुटक्या काचा, आणि जुलैत हिंदमाताला तुंबणारे पाणी, ज्यात पायाला नुसता ओरखडा असला तरी लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, अशा ठिकाणी पादत्राण टाकून देण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. बूट अवश्य हवा. प्रश्न तो कशाच्या आधारावर निवडावा एवढाच आहे.

तो निवडावा पायाला येणाऱ्या सुखावरून. कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग, ज्यांचे आयुष्य धावण्याच्या यंत्रशास्त्राच्या अभ्यासात गेले, त्यांनी २०१५ मध्ये हेच सुचवले: प्रत्येक शरीराची धावण्याची एक स्वाभाविक वाट असते, आणि जो बूट शरीराला त्या वाटेवरून ढकलून देत नाही तो पायाला आरामदायक वाटतो, म्हणून आरामाचा निर्वाळा हीच निवडीची पहिली कसोटी. हा सिद्धान्त अजून पूर्णपणे सिद्ध झालेला नाही. परंतु तो ज्याची शिफारस करतो त्याने निदान कोणाची फसवणूक होत नाही. दुकानात संध्याकाळी जावे, कारण दिवसभर उभे राहून, लोकलमध्ये लोंबकळून पाऊल किंचित फुगलेले असते आणि धावतानाही ते फुगते. ज्या मोज्यांत धावणार तेच मोजे न्यावेत. दोन्ही पावलांचे माप घ्यावे आणि जे मोठे असेल त्याला बूट बसवावा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, टाच आत सरकता कामा नये. रुंदीकडे तर विशेष लक्ष द्यावे. अनवाणी किंवा चपलांत वाढलेल्या पावलाचा चवडा पसरट असतो. बंगळूरकडच्या अनवाणी लोकांची पावले अभ्यासणाऱ्या बेल्जियन संशोधकांनाही तेच आढळले. आणि आपल्याकडे विकले जाणारे बरेचसे बूट मात्र अरुंद साच्यावर बेतलेले असतात. करंगळीवर घट्टे आणि नखे काळी पडणे, ही आपल्या धावकांची नित्याची तक्रार त्यातूनच उद्भवते, आणि कमानीवर खिळलेल्या नजरेला ती दिसत नाही. शक्य असल्यास दोन जोड ठेवून आलटून पालटून वापरावेत. लक्झेंबर्गच्याच संशोधकांनी २६४ धावकांच्या पाहणीत असे करणाऱ्यांच्या दुखापती कमी नोंदवल्या आहेत, आणि एका खोलीच्या घरात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवलेला भिजका बूट दोन दिवस वाळत नाही, हे तर मुंबईकराला सांगायलाच नको. आणि नवा बूट घेण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की सप्टेंबरात आठवड्याला दहा किलोमीटर धावणारा मी ऑक्टोबरात तीस का धावू लागलो. जुनी दुखापत आणि अंतरातली घाईची वाढ यांची जागा तपासात बुटाच्या कितीतरी आधी आहे.

ज्यांचा तळवा चवड्यावर उभे राहिले असताही सपाटच राहतो, ज्यांचे एकच पाऊल अलीकडे खचू लागले आहे व घोट्याच्या आतल्या बाजूला सूज येते, किंवा मधुमेहाने ज्यांच्या तळव्याची संवेदना बोथट झाली आहे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांनी परळच्या केईएममध्ये केस पेपर काढून अस्थिरोग विभागात दाखवावे, किंवा हाजी अलीच्या १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत जावे, जेथे पावलाचे माप घेऊन आधाराची साधने बनवणारे शिक्षित कारागीर आहेत. अशा माणसाला दुकानात बूट देऊन वाटेला लावणे म्हणजे त्याच्या उपचाराचा वेळ वाया घालवणे आहे.

आणि धोबी तलावापासून रानडे रोडपर्यंतच्या विक्रेत्यांकडे माझी मागणी साधी आहे. पावलाचा वर्ग पाहून बूट घेतल्यास दुखापत टळेल, हे वाक्य त्यांनी बोलण्यातून व फलकावरून काढून टाकावे. धावपट्टीवर केलेल्या तपासणीचा निष्कर्ष गिऱ्हाइकाच्या पायाचा दोष म्हणून सांगू नये. रुंद मापाचे जोड दुकानात ठेवावेत. आणि गिऱ्हाइकाला दोन-तीन निरनिराळे बूट घालून बाहेरच्या फुटपाथवर शंभर पावले धावू द्यावे, मग त्याने त्यांतला सर्वांत स्वस्त उचलला तरी.